चष्म्याचा नंबर घालवणारे लेझर : कारीगराने हिशेब कसा करावा?

चष्म्यापासून कायमची सुटका, दहा मिनिटांचे काम, दुसऱ्या दिवशी दुकानावर हजर. अशा जाहिराती आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. आपल्या बाजारातही गेल्या काही वर्षांत अनेकांनी हे ऑपरेशन करून घेतले. कोणाच्या मुलीचे लग्न ठरायचे होते, कोणाला लूमवर घामाने चष्मा घसरण्याचा कंटाळा आला होता, कोणाला नुसतीच हौस होती. बहुतेक जण खूश आहेत, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचे वाचून कोणाला वाटेल की मी लोकांना घाबरवायला बसलो आहे. पण जे खूश नाहीत त्यांच्यापैकी दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत आणि ते सगळे हाताच्या बारीक कामावर पोट भरणारे आहेत. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

मी डॉक्टर नाही, कापडाचा व्यापारी आहे. पण या सौद्यात मी स्वतः जवळजवळ पडलोच होतो. तेव्हा माझे वय ४८ होते आणि दोन्ही डोळ्यांना मायनस साडेतीनचा नंबर. मोठ्या शहरातल्या एका केंद्रात गेलो. तिथे चार-पाच मशीनवर तपासणी झाली, एका मुलीने संगणकाकडे पाहून सांगितले की तुम्ही ‘फिट’ आहात, आणि आजच पैसे भरले तर इतके हजार कमी. माझा धंदा काय, दिवसभर मी डोळ्यांनी काय पाहतो, हे कोणी विचारले नाही. सवलतीची मुदत संध्याकाळपर्यंतच आहे हे ऐकून मात्र माझ्यातला व्यापारी सावध झाला. माल चांगला असेल तर गिऱ्हाईकाला रात्रभर विचार करू द्यायला दुकानदार घाबरत नाही.

गावी परत आलो आणि आमच्या जुन्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “शेठ, कापडाचे धागे कसे मोजता?” मी म्हणालो, “चष्मा कपाळावर चढवतो आणि कापड डोळ्याजवळ नेतो. कधी पिक ग्लास लावतो, कधी नाही लावत.” ते हसले. म्हणाले, “तीच सोय तुम्ही पैसे देऊन काढून टाकायला निघाला आहात.”

हे वाक्य मला त्या दिवशी नीट कळले नव्हते. पुढे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले, ते इथे माझ्या भाषेत देतो.

मायनस नंबरचा डोळा म्हणजे जवळचे साफ आणि लांबचे धूसर पाहणारा डोळा. किती जवळचे साफ दिसते त्याचा हिशेब अगदी सोपा आहे. १०० ला नंबराने भागा, तितक्या सेंटीमीटरवर चष्म्याशिवाय साफ दिसते. नंबर २ असेल तर ५० सेंटीमीटर, ३ असेल तर ३३, ४ असेल तर २५. आता जरदोजीचा कारीगर अड्ड्यावर बसतो तेव्हा कापड त्याच्या डोळ्यापासून किती लांब असते? घड्याळजी, सोनार, रफू करणारा, फणीतून एकेक धागा ओवणारा वहिफणीवाला, हे सगळे ज्या अंतरावर काम करतात ते हेच २५ ते ४० सेंटीमीटर. म्हणजे ज्या कारीगराचा नंबर मायनस तीन आहे, त्याच्या डोळ्यात त्याच्या धंद्याचे भिंग जन्माचे बसवलेलेच आहे.

तरुणपणी याची किंमत कळत नाही, कारण डोळ्यातले आतले भिंग लवचिक असते. ते फुगून जवळचे साफ करते आणि सैल होऊन लांबचे. चाळिशीच्या आसपास ते ताठ होऊ लागते. म्हणूनच याला लोक चाळिशी म्हणतात. ज्यांना आयुष्यात कधी चष्मा नव्हता त्यांना पंचेचाळीस-पन्नास झाल्यावर सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. मायनसवाला मात्र चष्मा काढतो आणि ओवतो.

लेझर हे आतल्या भिंगाला हातही लावत नाही. ते पुढच्या काचेचा आकार बदलून लांबचे साफ करते. म्हणजे ४५ वर्षांच्या मायनसवाल्याचा नंबर शून्य केला की तो त्याच्याच वयाच्या बिनचष्म्याच्या माणसासारखा होतो. रस्त्यावरची पाटी दिसते, सुईचे नाक दिसत नाही. एक चष्मा गेला आणि दुसरा आला. फरक इतकाच की पहिला चष्मा दुकानातून घरी जाताना लागत होता, दुसरा दिवसभर कामावर लागतो.

आमच्या ओळखीच्या एका जरदोजी कारीगराचे नेमके हेच झाले. वय ४३, नंबर मायनस तीन. ऑपरेशन झाल्यावर तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने घडाघडा वाचली. डॉक्टरांच्या वहीत हे ऑपरेशन शंभर टक्के यशस्वी आहे आणि तसे ते आहेही. पण अड्ड्यावर बसल्यावर त्याला आरीचे टोक दिसेना. आता तो जवळचा चष्मा लावून काम करतो, मान वर करून कोणाशी बोलायचे तर चष्मा काढतो आणि पूर्वी एका दिवसात होणाऱ्या कामाला त्याला दीड दिवस लागतो. तुकड्यावर मजुरी घेणाऱ्याला दीड दिवसाचा अर्थ सांगायला नको.

यावर केंद्रवाले एक तोड सुचवतात. एका डोळ्याचा नंबर पूर्ण घालवायचा आणि दुसऱ्यात थोडा मायनस मुद्दाम ठेवायचा. एक डोळा लांबचे पाहील, दुसरा जवळचे. ऑफिसात बसणाऱ्या अनेकांना हे मानवते. पण दोन्ही डोळे मिळून जी खोली समजते ती यात कमी होते आणि सुई कापडाच्या वर किती आहे हे समजायला खोलीच लागते. ज्याला हा मार्ग घ्यायचा असेल त्याने आधी तशा नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स दोन-तीन आठवडे लावून आपल्या कामावर बसून पाहावे. नमुना पाहिल्याशिवाय आपण लॉट उचलतो का?

लेझर नेमके काय करते?

आधी एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे लोक मोतिबिंदूच्या ऑपरेशनलाही ‘लेझरने केले’ म्हणतात. ते बहुतेक वेळा ध्वनिलहरींच्या मशीनने केलेले असते. मधुमेहात डोळ्याच्या मागच्या पडद्यावर देतात ते लेझर वेगळे, आणि ते दृष्टी वाचवण्यासाठी असते, त्यात टाळाटाळ करू नये. इथे आपण फक्त नंबर घालवण्याच्या लेझरबद्दल बोलतो आहोत. ती गरज नसून सोय आहे, म्हणूनच तिचा नफा-तोटा निवांत बसून तोलता येतो.

या कामाचे लेझर डोळ्यांसाठी तयारच झाले नव्हते. १९८१ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत मूळ मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी एक्सायमर नावाचे लेझर तपासत होते. त्यांनी ते टर्की पक्ष्याच्या उरलेल्या हाडावर चालवले आणि पाहिले की आजूबाजूला न जाळता ते अगदी नेमका थर उडवते. पुढे न्यूयॉर्कचे डोळ्यांचे डॉक्टर स्टीफन ट्रोकेल यांनी ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे कॉर्नियावर वापरण्याची वाट दाखवली. १९९० च्या आसपास ग्रीसच्या क्रीट बेटावर डॉ. पॅलिकारिस यांनी जी पद्धत बसवली तिला लॅसिक म्हणतात.

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा गोल कापून वहीच्या पानासारखा उलटतात, खालच्या थरावर लेझर मारून तो हवा तितका घासतात आणि पान परत लावतात. दुसरी पद्धत पीआरके. तिच्यात पान कापत नाहीत, वरची कोवळी त्वचा बाजूला करून तिथेच लेझर देतात. तीन-चार दिवस चांगलेच दुखते, नजर स्थिर व्हायला काही आठवडे लागतात आणि क्वचित डाग राहतो. तिसरी, स्माईल, अलीकडची. अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, तिला २०१६ साली परवानगी दिली. तिच्यात दोन ते चार मिलिमीटरच्या छोट्या चिरेतून आतला थर काढून घेतात.

म्हणजे तिन्ही पद्धतींत कॉर्नियातून माल कमी होतो, आणि गेलेला माल परत येत नाही. ही गोष्ट जाहिरातीत नसते.

मायक्रॉनचा हिशेब

कापडवाल्याला हा हिशेब लगेच समजेल. कॉर्निया मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. आपल्याकडे ५२० ते ५४० मायक्रॉन सामान्य समजतात. एक हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन घासावे लागतात, आणि ज्या गोलात घासायचे तो मोठा धरला तर आणखी. समजा थान ५३० चे आहे आणि नंबर ८. लॅसिकचे पान ११० चे. घासायचे ११२. शिल्लक राहिले ३०८. ही शिल्लक २५० च्या खाली जाऊ नये असा जुना नियम आहे आणि सावध डॉक्टर ३०० मागतात. आता तोच नंबर, तेच पान, पण थानच ४९० चे निघाले तर शिल्लक २६८. कागदावर २५० च्या वर आहे म्हणून एखादे केंद्र ‘फिट’ म्हणेल, दुसरा डॉक्टर सरळ नको म्हणेल. दोघेही नियमातच बोलत असतील. म्हणून ‘फिट आहे की नाही’ असे विचारू नका. ‘माझी जाडी किती, पान किती, घासणार किती, शिल्लक किती’ असे चार आकडे मागा आणि लिहून घ्या.

शिल्लक कमी पडली, किंवा काच मुळातच कमकुवत असली, तर काय होते? डोळ्यात आतून दाब असतोच. त्या दाबाने पातळ झालेली काच महिन्यांनी किंवा वर्षांनी पुढे फुगू लागते. डॉक्टर याला एक्टेशिया म्हणतात. लॅसिकनंतर असे झालेले रुग्ण १९९८ मध्ये नोंदवले गेले. मग नजर वेडीवाकडी होते, साध्या चष्म्याने सुधारत नाही, कडक खास लेन्स लागतात, औषध आणि किरण देऊन काच टणक करावी लागते, आणि अगदी शेवटी दान केलेला कॉर्निया बसवावा लागतो. हे क्वचित होते. पण ज्याला होते त्याचा धंदा जातो.

मुळात कमकुवत काचेचा एक आजार आहे, केराटोकोनस. सुरुवातीला तो कळत नाही, फक्त तिरपा नंबर वाढत जातो. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरील लोकांची मोठी पाहणी झाली होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात शंभरात २.३ लोकांचा कॉर्निया या आजारासारखा उभट आढळला. फक्त उभटपणा मोजून काढलेला हा आकडा आहे आणि काही डॉक्टरांना तो जास्त वाटतो. तरी दक्षिण आशियातल्या लोकांत हा आजार गोऱ्या लोकांपेक्षा जास्त दिसतो, हे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनीही नोंदवले आहे. आणि डोळे चोळण्याची सवय या आजाराला खतपाणी घालते. सुताच्या कारखान्यात दिवसभर तंतू उडतात, डोळे खाजतात आणि माणूस मनगटाने चोळतो. आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून कॉर्नियाचा नकाशा काढल्याशिवाय, म्हणजे टोपोग्राफी आणि मागच्या बाजूचाही नकाशा देणाऱ्या पेंटाकॅमसारख्या मशीनवर तपासल्याशिवाय, कोणी हात लावू देऊ नये. तपासणीपूर्वी साध्या लेन्स निदान दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवाव्या लागतात, कारण लेन्सच्या दाबाने नकाशा बदलतो. सकाळी लेन्स काढून दुपारी तपासणी आणि उद्या ऑपरेशन असे कोणी म्हणाले तर तिथून उठावे.

कोरडे डोळे आणि रात्रीचे दिवे

आता त्या तक्रारी, ज्या क्वचित नसून नेहमीच्या आहेत.

कॉर्नियात बारीक नसा असतात. त्या डोळ्याला सांगतात की कोरडे पडले, पाणी सोड, पापणी मिट. लॅसिकचे पान कापताना त्या कापल्या जातात. परत जुळायला सहा महिने ते वर्ष लागते. तोवर डोळे कोरडे, रेती गेल्यासारखे. बहुतेकांचे बरे होते, काहींचे वर्षानुवर्षे राहते, आणि फार थोड्यांना डोळा बाहेरून चांगला दिसत असूनही कायमची वेदना मागे लागते. स्माईलमध्ये नसा कमी कापल्या जातात म्हणून कोरडेपणा कमी असतो, पण नसतोच असे नाही. एकटक पाहणाऱ्याची पापणी कमी लवते. आरीवाला, मशीनवर शिवणारा, संगणकावर डिझाइन काढणारा, तिघेही एकटक पाहणारे. त्यात पंख्याचा वारा आणि सुताची धूळ. ज्याचे डोळे आजच कोरडे आहेत त्याने आधी त्यावर इलाज करावा.

दुसरी तक्रार रात्रीची. अंधारात बाहुली मोठी होते आणि घासलेल्या गोलाच्या कडेवरूनही प्रकाश आत येतो. मग समोरच्या ट्रकच्या दिव्याभोवती वलय दिसते, किरणे फुटतात. रात्रीच्या गाडीने सुरतहून माल आणणाऱ्याला, स्वतः टेम्पो चालवणाऱ्याला याची चिंता असली पाहिजे.

याचे आकडे आहेत. एफडीएने अमेरिकी नौदलाचे कर्मचारी आणि सामान्य नागरिक यांच्यावर दोन अभ्यास करवून घेतले. ते २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आधी वलय, चकाकी, दुहेरी दिसणे अशी कोणतीही तक्रार नव्हती त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी एक तरी नवी तक्रार होती. आधी कोरडेपणा नसलेल्यांत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा आला. दुसरी बाजूही तितकीच खरी. ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते आणि अशा एखाद्या तक्रारीमुळे रोजची कामे फार कठीण झाली असे सांगणारे एक टक्क्याहूनही कमी होते. २०२२ मध्ये त्याच खात्याने एक मसुदा काढला, की रुग्णाला दुहेरी दिसणे, कोरडेपणा, रात्री गाडी चालवण्यातली अडचण आणि सततची वेदना यांची सूचना आधीच स्पष्ट दिली जावी.

हे ९५ टक्के आणि एक टक्का आपल्याला कसे लागू करायचे? ‘रोजची कामे’ या शब्दात काय येते ते पाहा. तक्त्यावर ६/६ म्हणजे पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरे, भरपूर उजेडात. आपले काम तसे असते का? काळ्या कापडावर काळा धागा, मरून रंगावर मरून टिकली, ग्रे कापडातला एक तुटलेला तार. तिथे फिकट फरक ओळखावा लागतो आणि ६/६ असूनही हा फरक ओळखण्याची ताकद काहींच्या डोळ्यात कमी झालेली असते. ऑफिसातल्या माणसाला ती कमी कधी जाणवणारच नाही, तो समाधानी लोकांच्या यादीत बसेल. फोल्डिंग टेबलावर कापड तपासणाऱ्याला पहिल्याच दिवशी जाणवेल. रंग ओळखण्यात मात्र फरक पडत नाही.

धोटा, ठिणगी आणि पाणी

लॅसिकचे पान चिकटते, पण पूर्वीसारखे एकजीव कधीच होत नाही. जोराचा मार लागून अनेक वर्षांनंतर पान सरकल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. साध्या लूमवर धोटा उडून लागणे ही काही पुस्तकातली गोष्ट नाही. खराद, ग्राइंडर, लाकडाचे काम, तिथेही तेच. अशा कामातल्याने करायचेच असेल तर पान नसलेली पद्धत विचारावी. फौजेत पीआरकेला पसंती मिळाली ती याच कारणाने. आणि नंबर गेला तरी कामावर संरक्षक चष्मा लागणारच.

ऑपरेशननंतर आठवडा-पंधरवडा नळाचे पाणी डोळ्यात जाऊ द्यायचे नसते, सुरमा आणि काजळ तर त्याहून जास्त दिवस बंद. वुजूच्या वेळी चेहरा धुताना काय करावे ते डॉक्टरांकडून दिवस समजून घेऊन आपल्या आलिमांना आधीच विचारून ठेवावे, ऐनवेळी गडबड नको.

कोणी करूच नये, तेही सांगतो. अठरा वर्षांखालील मुले. ज्यांचा नंबर गेल्या वर्षभरात अर्ध्याहून जास्त बदलला ते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. काबूत नसलेला मधुमेह, संधिवातासारखे आजार, डोळ्यात पूर्वी नागीण झालेली असणे, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असणे. नोकरीसाठी नंबर घालवायला निघालेल्या मुलांनी आधी त्या भरतीची वैद्यकीय अट वाचावी. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी लॅसिक केलेला उमेदवार चालत नाही, हे २०२४ च्या भरतीतही होते. चष्मा काढायला गेला आणि नोकरीच गेली असे व्हायला नको.

ज्यांचा नंबर मायनस सहाच्या पुढे आहे त्यांना आणखी एक गोष्ट. मोठा नंबर म्हणजे लांबट डोळा आणि त्यात मागचा पडदा ताणलेला. लेझरने नंबर जातो, डोळा लांबटच राहतो. पडदा सुटण्याचा धोका जितका होता तितकाच असतो. ‘आता चष्मा नाही, आता डॉक्टर कशाला’ असे म्हणून लोक तपासणी बंद करतात. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासणे चालूच ठेवावे, आणि अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखी चमक दिसली तर त्याच दिवशी जावे.

पैसे आणि कागद

आता आपल्या पानाचा विषय. जाहिरातीत भाव एका डोळ्याचा असतो आणि तो सर्वात जुन्या पद्धतीचा, सर्वात लहान नंबरचा असतो. तपासण्या, थेंब, पुढच्या भेटी, आणि थोडा नंबर परत आला तर दुसऱ्यांदा करण्याचा खर्च त्यात आहे का, हे लिहून घ्या. शंभरांत काही जणांना दुसऱ्यांदा करावे लागते, आणि दुसऱ्यांदा करायलाही थानात शिल्लक लागते. विम्याचे म्हणाल तर विमा नियामकाने घालून दिलेल्या ठरावीक कलमानुसार साडेसातपेक्षा कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च कंपनी नाकारू शकते. त्याहून मोठा नंबर असेल तर पॉलिसी आधी वाचावी.

संमतीचा कागद बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतो. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, मला तो वाचून घ्यायला मुलाला बोलवावे लागले, आणि त्यात जे जे लिहिले होते त्यातले निम्मेही मला तोंडी सांगितलेले नव्हते. समजेल त्या भाषेत कागद मागा, घरी न्या, दोन दिवस ठेवा. सुप्रीम कोर्टाने २००८ साली एका निकालात स्पष्ट केले आहे की रुग्णाला उपचार, पर्याय आणि मोठे धोके समजावून घेतलेली संमती हीच संमती. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून ठरलेले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण कोर्टात कागद बोलतो. आपली वैद्यकीय नोंद लेखी मागितल्यावर ती ७२ तासांत द्यावी असा डॉक्टरांसाठी नियम आहे, आणि ती तीन वर्षेच सांभाळण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. पुढचे आपले आपण सांभाळायचे.

आणि हे सांभाळणे फक्त भांडणासाठी नाही. साठी-सत्तरीत मोतिबिंदू बहुतेकांना येतो. तेव्हा डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना कॉर्नियाची गोलाई मोजतात. लेझरने ती गोलाई बदललेली असते, म्हणून नेहमीचे गणित चुकते आणि भिंग चुकीच्या नंबरचे बसू शकते. आता नवी सूत्रे आणि नवी मशीन आहेत, तरी ऑपरेशनपूर्वीची गोलाई आणि नंबर हाती असला तर डॉक्टरांचे काम सोपे होते. काचबिंदूचेही तसेच. पातळ काचेवर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो आणि आजार लपून राहू शकतो. म्हणून पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिले वाक्य हे, की माझे लेझर झालेले आहे.

मी माझे ऑपरेशन केले नाही. चष्मा अजून कपाळावर चढवतो. माझ्या भाच्याने मात्र दोन वर्षांपूर्वी केले आणि मीच त्याच्याबरोबर गेलो होतो. वय २६, गोडाऊनमध्ये हिशेबाचे काम, नंबर साडेचार, तीन वर्षे न हललेला, थान ५४५ चे, नकाशा साफ. सात महिने थेंब घालावे लागले, आता ठीक आहे. त्याच्या ऑपरेशनपूर्वीचे सगळे कागद मी दुकानातल्या लोखंडी कपाटात, जुन्या खातेवह्यांच्या शेजारी ठेवले आहेत. पाकिटावर लाल शाईने लिहिले आहे : मोतिबिंदूच्या वेळी काढणे. भाचा ते वाचून हसतो. त्याला अजून तीस-चाळीस वर्षे आहेत.